न भरणारी जखम : त्वचेच्या कर्करोगाची तपासणी आणि शहापूर-मुरबाडचा ग्रामीण भाग

भारतात आढळणाऱ्या एकूण कर्करोगांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचा वाटा साधारण एक ते दोन टक्के मानला जातो, आणि तोंडाच्या, स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तुलनेत हा आकडा इतका लहान आहे की तपासणी मोहिमांत आणि आरोग्य केंद्रांच्या भिंतींवरील फलकांत या आजाराला सहसा जागा मिळत नाही. तरीही ठाणे जिल्ह्यातील किन्हवलीसारख्या गावात भरणाऱ्या व्याख्यानमालेसाठी हा विषय निवडण्यामागे ठोस कारण आहे. शरीरातील बहुतेक कर्करोग आत वाढतात आणि पुरते पसरेपर्यंत रुग्णाला त्यांचा पत्ताही लागत नाही. त्वचेचा कर्करोग मात्र पहिल्या दिवसापासून डोळ्यांना दिसतो, बोटांना लागतो आणि त्याची खात्री करून घेणारी तपासणी, तेवढीच जागा बधिर करून, दहा-पंधरा मिनिटांत उरकते. असे असूनही ग्रामीण रुग्ण ती गाठ किंवा ती जखम अंगावर घेऊन वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ, शेतावर आणि वीटभट्टीवर राबत राहतो. हा विलंब नेमका कोठे होतो आणि शहापूर-मुरबाड तालुक्यांतील किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे या पट्ट्यात तो कसा कमी करता येईल, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, पेशींच्या अनेक पदरांनी बनलेला असतो. त्याच्या तळाशी असलेल्या पेशी सतत विभागून नव्या पेशी तयार करतात, त्या वर सरकत चपट्या होतात आणि शेवटी कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. या तळाच्या पेशींच्या अधूनमधून रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. यांपैकी कोणत्या पेशींची वाढ अनावर होते त्यावरून कर्करोगाचे तीन मुख्य प्रकार ठरतात. तळाच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींच्या कर्करोगाला बेसल सेल कार्सिनोमा, वरच्या चपट्या पेशींच्या कर्करोगाला स्क्वेमस सेल कार्सिनोमा आणि रंगद्रव्याच्या पेशींच्या कर्करोगाला मेलानोमा म्हणतात. पहिला क्वचितच दूर पसरतो, परंतु आहे त्या जागी आत पोखरत जातो. दुसरा काही काळ जागेवर वाढून मग जांघेतील, काखेतील किंवा मानेतील लसिका ग्रंथींत, म्हणजे ज्यांना सुजल्यावर गावाकडे अवधाण म्हणतात त्या गाठींत, उतरू शकतो. तिसरा सर्वांत विरळा, पण खोलवर गेल्यास सर्वांत घातक असतो.

या आजाराविषयीची बहुतेक लोकोपयोगी माहिती गोऱ्या लोकांच्या देशांत तयार झाली आहे. तेथे रंगद्रव्य कमी असलेल्या त्वचेवर वर्षानुवर्षे ऊन पडून चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर कर्करोग उद्भवतात, आणि म्हणून तेथील शिकवण उन्हापासून बचाव आणि तिळांची पाहणी या दोन गोष्टींभोवती फिरते. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1985 साली संशयास्पद तीळ ओळखण्यासाठी सुचवलेले निकष आज जगभर वापरले जातात : तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी न जुळणे, कडा दातेरी असणे, एकाच डागात अनेक रंग असणे आणि व्यास 6 मिलिमीटरपेक्षा जास्त असणे; डागात बदल होत राहणे हा पाचवा निकष त्यांत पुढे जोडला गेला. हे निकष उपयुक्तच आहेत. मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या सावळ्या माणसाने केवळ त्यांच्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे, कारण त्याच्या त्वचेतील भरपूर मेलानिन, म्हणजे वर सांगितलेले रंगद्रव्य, त्याला उन्हापासून बरेच संरक्षण देते आणि त्याच्या अंगावरचा कर्करोग वेगळ्याच जागा निवडतो : भाजल्याचा जुना वण, वर्षानुवर्षे घासली जाणारी कंबर, तळपाय, नखाखालची त्वचा. भारतातील अनेक रुग्णालयांच्या नोंदींत स्क्वेमस सेल कार्सिनोमाचे प्रमाण मोठे दिसते, त्याचे एक कारण या जागांमध्ये आहे.

ही गोष्ट भारतात प्रथम नेमकेपणाने मांडणाऱ्यांत एका मराठी वैद्यकाचे नाव अग्रभागी आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म 1895 सालचा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे दरवाजे 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली, पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक म्हणून त्यांनी काम केले आणि 1960च्या दशकाच्या आरंभी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषवले. सूक्ष्मदर्शकाखाली आलेल्या प्रत्येक तुकड्यामागे एक माणूस आणि त्या माणसाची रोजची वहिवाट आहे, ही त्यांच्या कामामागची दृष्टी होती. रुग्ण काय चघळतो, काय ओढतो, काय नेसतो आणि कसे नेसतो याची नोंद त्यांनी रोगनिदानाइतकीच महत्त्वाची मानली. 1945 साली खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी एका अमेरिकी विकृतिशास्त्रीय नियतकालिकात भारतीय वहिवाटींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांचे तीन नवे प्रकार नोंदवले, त्यांतील एक होता धोतराचा कर्करोग. कमरेच्या एकाच रेषेवर रोज घट्ट आवळल्या जाणाऱ्या कापडाने तेथील त्वचा काळवंडते किंवा रंगहीन होते, जाड होते, चिरते, भरते, पुन्हा चिरते, आणि काही थोड्या माणसांत अखेरीस तेथे स्क्वेमस सेल कार्सिनोमा उगवतो, हे त्यांनी दाखवून दिले. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी 1775 साली धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या वृषणकोशाच्या त्वचेवरील कर्करोगाचा काजळीशी जोडलेला संबंध आणि काश्मीरमध्ये फेरन या सैल अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर व मांड्यांवर आढळणारा कर्करोग ही याच परंपरेतील निरीक्षणे होत. तथापि खानोलकरांच्या निरीक्षणाचे मोल या प्रदेशासाठी अधिक आहे, कारण त्यांनी पाहिलेली वहिवाट येथील घराघरांतली आहे.

धोतर नेसणारे कमी झाले तरी हा विषय इतिहासजमा झालेला नाही. साडीमुळे आणि परकराच्या नाडीमुळे कमरेवर उद्भवलेल्या कर्करोगाच्या नोंदी मुंबईतूनही प्रसिद्ध झाल्या आहेत, आणि 2024 साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील व बिहारमधील डॉक्टरांनी मिळून एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन स्त्रियांची हकिकत मांडली. पहिली स्त्री 70 वर्षांची होती आणि तिच्या उजव्या कुशीवरची दुखरी जखम 18 महिने भरत नव्हती. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली होती. परकर न घालता लुगडे कमरेभोवती घट्ट आवळून नेसण्याचा तिचा परिपाठ 40 वर्षांचा होता आणि तिची जखम दोन वर्षे तशीच होती. तपासणीत दोघींनाही कर्करोग आढळला, आणि दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील लसिका ग्रंथीपर्यंत पोचलेला होता. या अहवालात वाचकाने थांबून पाहावे असे आकडे हेच आहेत : अठरा महिने आणि दोन वर्षे. एवढ्या काळात ती जखम अंघोळीच्या वेळी रोज दिसत होती आणि लुगड्याची गाठ मारताना रोज दुखत होती.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कुणबी, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी समाजांतील वयस्क स्त्रिया आजही गुडघ्यापर्यंत आवळून लुगडे नेसतात, कारण चिखलात आवणी करायची, डोंगर चढून लाकूडफाटा आणायचा, डोक्यावर भारा घेऊन उतरायचे तर वस्त्र सैल असून चालत नाही. पुरुषांच्या कमरेला करगोटा असतो आणि रानात जाणाऱ्याच्या कमरेच्या दोरीला आकडीत अडकवलेला कोयता लटकत असतो, त्याचा भार त्याच एका रेषेवर येतो. घामाने भिजलेली, धुळीने माखलेली आणि दिवसभर घासली गेलेली ती रेषा रोज स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी करता आली तर निम्मा त्रास टळेल. परंतु भातसा आणि तानसा यांचे पाणी मुंबईला पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे वास्तव बाजूला सारून त्वचेच्या निगेचा उपदेश करणे अन्यायाचे होईल. त्याचबरोबर हेही स्पष्ट केले पाहिजे की लुगडे किंवा साडी हे कर्करोगाचे कारण म्हणून टाकून देण्याची वस्तू नव्हे. कोट्यवधी स्त्रिया ती आयुष्यभर नेसतात आणि कमरेचा कर्करोग आजवर फारच थोड्या स्त्रियांत नोंदला गेला आहे. परकराला अरुंद नाडीऐवजी रुंद पट्टा लावणे, गाठीची जागा अधूनमधून बदलणे, घरी आल्यावर ती सैल करणे एवढे पुरेसे आहे. आणि कमरेवर घट्टा पडलेला असेल तर त्याची भीती बाळगण्याऐवजी तो फुटतो का आणि फुटल्यावर भरतो का याकडे लक्ष ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे.

कमरेपेक्षाही मोठा प्रश्न भाजल्याच्या वणांचा आहे. चुलीत पडलेले मूल, पदर पेटलेली स्त्री, उन्हाळ्यात भातरोपांच्या वाफ्यासाठी राब भाजताना होरपळलेला शेतकरी, वीटभट्टीवर पोळलेला मजूर अशी माणसे या भागातील बहुतेक गावांत आढळतात, आणि त्यांपैकी अनेकांच्या जखमा त्वचारोपण न होता, म्हणजे दुसरीकडची निरोगी त्वचा आणून न लावता, महिनोन्‌महिने चिघळून कशाबशा भरलेल्या असतात. अशा वणाची त्वचा पातळ, ताठर आणि रक्तपुरवठ्याला पारखी असते. गुडघ्यामागे किंवा कोपरात तो वण असेल तर प्रत्येक हालचालीबरोबर तो ताणतो आणि चिरतो. 1828 साली फ्रेंच शल्यचिकित्सक जाँ-निकोला मार्जोलँ यांनी जुन्या वणांवर उगवणाऱ्या जखमांचे वर्णन केले. त्या जखमा कर्करोगाच्या असू शकतात हे पुढे स्पष्ट झाले, तरी वणावरील कर्करोगाला आजही त्यांचेच नाव दिले जाते. तो भाजल्यानंतर सरासरी 30 वर्षांनी उद्भवतो. बालपणी चुलीत पाय गेलेल्या माणसाच्या वणावर चाळिशीत फोड येतो तेव्हा जुनेच दुखणे उसळले असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे, आणि नेमक्या याच समजुतीने घात होतो, कारण वणावरचा कर्करोग उन्हाने होणाऱ्या कर्करोगापेक्षा अधिक आक्रमक असतो आणि लसिका ग्रंथींत लवकर उतरतो. पोटदुखीवर किंवा मुडदुसावर लहान मुलांना डागण्याची, म्हणजे चटके देण्याची, जी प्रथा काही ठिकाणी अद्याप टिकून आहे तिच्याविरुद्ध बोलण्याची इतर अनेक कारणे आहेतच. आयुष्यभर पुरणारा वण हे त्यांतले आणखी एक.

तळपायाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पावसाळ्यात चिखल्या, उन्हाळ्यात भेगा, बारमाही कुरूपे आणि काट्यांच्या जखमा यांमुळे अनवाणी वावरणाऱ्याचे तळपाय कधीच निर्दोष नसतात, त्यामुळे एखादा नवा काळा डाग किंवा मांसल गाठ त्या गर्दीत हरवून जाते. सावळ्या लोकांमध्ये मेलानोमा मुळात कमी, पण जो होतो तो बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखालची जागा पकडतो. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली 1981 साली वयाच्या 36व्या वर्षी ज्या आजाराने गेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालून सुरू झालेला मेलानोमाच होता. तळव्यावरचा पसरत जाणारा काळसर डाग, नखावर उभी उमटून रुंद होत जाणारी आणि नखाच्या मुळाशी त्वचेवर उतरणारी काळी रेघ, ठेच लागल्याचे आठवत नसताना महिनोन्‌महिने न सरकणारा नखाखालचा काळेपणा, यांपैकी काहीही दिसल्यास ते त्वचारोगतज्ज्ञाला दाखवले पाहिजे. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या पण पायांची संवेदना गमावलेल्या माणसांच्या तळव्यांवर वर्षानुवर्षे राहणाऱ्या जखमांतही स्क्वेमस सेल कार्सिनोमा उद्भवू शकतो. त्यांना ती जखम दुखत नसल्यामुळे ती वाढल्याचे कळत नाही, म्हणून दर पट्टीच्या वेळी दुसऱ्या कोणीतरी ती पाहणे आवश्यक असते.

चेहऱ्यावरील बेसल सेल कार्सिनोमा या भागातही होतो. नाकाच्या बाजूला, खालच्या पापणीवर किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ तो चकाकत्या काळ्या मण्यासारखा दिसतो आणि म्हातारपणचा तीळ समजून सोडून दिला जातो. मधोमध खळगा पडून तेथून वारंवार रक्त येऊ लागले की तो तीळ नाही हे समजावे. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नसते, अशा पांढरे केस आणि उन्हात मिटणारे डोळे असलेल्या माणसांना मात्र उन्हाचा धोका गोऱ्या लोकांइतकाच, किंबहुना अधिक असतो. झेरोडर्मा पिग्मेंटोझम या आनुवंशिक विकारात उन्हाने पेशींतील जनुकद्रव्याला झालेली इजा दुरुस्त होत नाही, त्यामुळे लहान वयातच चेहऱ्यावर असंख्य ठिपके आणि पुढे कर्करोग दिसतात. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच हा विकार होत असल्याने मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घराण्यांनी त्याची माहिती ठेवलेली बरी.

या सगळ्या जागा आणि रूपे लक्षात ठेवणे सामान्य माणसाला अवघड असले तरी एक कसोटी सर्वांना लागू पडते. त्वचेवरील जखम साध्या उपचाराने चार आठवड्यांत भरत नसेल, भरून पुन्हापुन्हा त्याच जागी उघडत असेल, तिच्या कडा उंच व कडक झाल्या असतील, स्पर्श होताच रक्त येत असेल, मांस फ्लॉवरसारखे वर येऊन दुर्गंधी सुटत असेल किंवा जवळच्या सांध्यात अवधाण आले असेल, तर मलम बदलत राहण्याची वेळ संपलेली असते. प्रत्यक्षात मात्र हाच काळ मलमांत जातो. मेडिकलमधून मिळणारे बुरशीनाशक आणि स्टेरॉइड यांचे मिश्र मलम, त्याने गुण आला नाही की प्रतिजैविकांच्या गोळ्या, मग हळद, झाडपाल्याचा लेप, चामखिळीवर चुना-सोडा किंवा घोड्याचा केस, भेगांवर बिब्बा, असा तो प्रवास असतो. यांतील काही उपाय निरुपद्रवी असतील, काहींनी नवी जखमही होते. परंतु सर्वांचा समान दोष हा की ते निदान होण्याआधी केले जातात. चुन्याने, कॉटरीने किंवा लेसरने जाळलेली गाठ कर्करोगाची होती की नव्हती हे पुढे कोणालाच सांगता येत नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यासाठी काहीच उरलेले नसते. म्हणून दवाखान्यात किंवा सौंदर्योपचार केंद्रात काढलेली कोणतीही संशयास्पद गाठ बादलीत न टाकता प्रयोगशाळेत पाठवली जावी, अशी मागणी रुग्णाने स्वतः केली पाहिजे.

ज्या तपासणीवर सर्व काही अवलंबून आहे तिला बायोप्सी, म्हणजे ऊतीचा तुकडा काढून तपासणे, असे म्हणतात. त्या जागेभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन ती बधिर केली जाते, त्यानंतर 3 ते 4 मिलिमीटर व्यासाच्या गोल धारदार नळीने किंवा छोट्या सुरीने तुकडा घेतला जातो आणि गरजेप्रमाणे एक-दोन टाके घातले जातात. रुग्ण चालत येतो आणि चालत घरी जातो. मोठ्या जखमेतून तुकडा घेताना तो कडेचा, थोडी निरोगी त्वचा सामावणारा आणि पुरेसा खोल असावा लागतो, कारण जखमेच्या मध्यभागी बहुधा मेलेली ऊती आणि पू यांपलीकडे काही सापडत नाही. गाठ लहान असेल आणि विशेषतः मेलानोमाचा संशय असेल तर तुकडा न घेता भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह ती संपूर्ण काढणे श्रेयस्कर असते, कारण अमेरिकी विकृतितज्ज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 साली दाखवल्याप्रमाणे मेलानोमाचे भवितव्य मुख्यतः त्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेल्या खोलीवर ठरते आणि अर्धवट तुकड्यात ती खोली नीट मोजता येत नाही. 1 मिलिमीटरपेक्षा पातळ असतानाच पूर्ण काढलेल्या मेलानोमाच्या रुग्णांपैकी 90 टक्क्यांहून अधिक पाच वर्षांनंतर हयात असतात. तोच 4 मिलिमीटरच्या पुढे गेला की हे चित्र झपाट्याने बदलते. काढलेला तुकडा ताबडतोब 10 टक्के फॉर्मॅलिनच्या द्रावणात, तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट द्रावणात, नाव व जागा लिहिलेल्या बाटलीत ठेवायचा असतो. सलाइनमध्ये किंवा कोऱ्या बाटलीत ठेवलेला तुकडा कुजतो आणि रुग्णाचे सोसणे वाया जाते.

फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेल्या तुकड्याचा हा गुण ग्रामीण आरोग्यव्यवस्थेने पुरेसा ओळखलेला नाही. असा तुकडा अनेक दिवस सुरक्षित राहतो; त्यामुळे निदानासाठी रुग्णाला मुंबईला जावे लागत नाही, तुकडा गेला तरी पुरते. किन्हवलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाचा तुकडा तेथे शल्यचिकित्सकाने घ्यावा, बाटली ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाकडे किंवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे जावी आणि अहवाल परत यावा, एवढी साखळी पक्की झाली तर दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने आसनगाव आणि तेथून लोकलने परळ गाठून, रांगेत उभे राहून पुन्हा यायला सांगितले जाण्याची पाळी फक्त ज्यांना खरोखर कर्करोग आहे त्यांच्यावरच येईल. बाकीच्यांची चिंता शहापुरातच मिटेल. मोबाइलवर काढलेले छायाचित्र दूरच्या तज्ज्ञाला पाठवणे उपयोगी असते, परंतु त्यावरून तुकडा घ्यावा की नाही एवढेच ठरवता येते. कर्करोग आहे किंवा नाही हे छायाचित्र सांगू शकत नाही.

सुरी लागली की कर्करोग पसरतो, ही भीती या परिसरात खोलवर रुजलेली आहे आणि तिची टिंगल करून ती जात नाही. तिच्यामागे खरा अनुभव असतो : कोणाच्या तरी घरी गाठ कापली आणि सहा महिन्यांत माणूस गेला. परंतु अशा बहुतेक घटनांत रुग्ण डॉक्टरकडे पोचला तेव्हाच आजार ग्रंथींत उतरलेला असतो आणि शस्त्रक्रिया व मृत्यू एकामागोमाग घडले म्हणून एकाचे कारण दुसऱ्याला लावले जाते. योग्य रीतीने घेतलेल्या बायोप्सीमुळे त्वचेचा कर्करोग पसरत नाही. अहवालाचीही एक मर्यादा जाणून घेतली पाहिजे : जुन्या वणावरील जखमेचा पहिला अहवाल केवळ दाह किंवा सूज असा आला, पण जखम भरत नसेल, तर तिच्या दोन-तीन वेगळ्या जागांवरून पुन्हा तुकडे घ्यावे लागतात. पहिल्या निर्धास्त अहवालावर फाइल बंद केल्याने बिघडलेले रुग्ण कर्करोग रुग्णालयांना नवे नाहीत.

या साखळीचे पहिले टोक रुग्णालयात नाही, पाड्यावर आहे. कमरेवरची किंवा मांडीवरची जखम पुरुष डॉक्टरला दाखवायला स्त्री लाजते, सुनेलाही सांगत नाही, आणि घरातील पुरुषांना ती कित्येकदा शेवटपर्यंत ठाऊक नसते. अशा स्त्रीशी मोकळेपणाने बोलू शकणारी आणि सरकारी व्यवस्थेशी बांधलेली व्यक्ती म्हणजे गावातली आशा कार्यकर्ती. असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात आशा 30 वर्षांवरील प्रत्येकाचा तक्ता भरते. त्यात तोंडातील न भरणाऱ्या जखमेविषयी आणि स्तनातील गाठीविषयी प्रश्न असतात, आणि कुष्ठरोगाच्या शोधासाठी बधिर चट्टे व तळहात-तळपायांवर वारंवार होणाऱ्या जखमा यांविषयीही असतात. कुष्ठरुग्ण शोध अभियानात तर त्वचाच पाहिली जाते. जी कार्यकर्ती चट्टा शोधण्यासाठी पाठ आणि पाय पाहते तिने त्याच भेटीत कंबर, भाजल्याचे वण आणि नखे पाहिली आणि महिन्याभरात न भरलेली जखम कोठे आहे का एवढे विचारले, तर त्यासाठी नवी मोहीम किंवा नवे मनुष्यबळ लागणार नाही. आशांच्या डोक्यावर आधीच कामांचा आणि नोंदवह्यांचा भार आहे, म्हणून या प्रश्नासाठी त्यांना आणखी एक नोंदवही देण्याऐवजी सध्याच्याच तक्त्यात एक ओळ वाढवणे न्याय्य ठरेल.

खर्चाची धास्तीही विलंबाला कारण होते. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे शहापूर, मुरबाड किंवा ठाण्याच्या सरकारी रुग्णालयात बायोप्सीसाठी पैसे लागू नयेत. आणि कर्करोगाचे निदान झाल्यावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार होऊ शकतात. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड लागते, आणि कातकरी पाड्यांवर पुष्कळांकडे नेमकी हीच कागदपत्रे नसतात किंवा वीटभट्टीच्या हंगामात ती दुसऱ्याच तालुक्यात असतात. निदान होण्याची वाट न पाहता ग्रामपंचायतीने ती आधीच पूर्ण करून घेणे हे उपचाराइतकेच निकडीचे काम आहे.

अहवालात कर्करोग आला तर पुढचा उपचार बहुतेकदा सरळ असतो. बेसल सेल कार्सिनोमाच्या भोवतीची सुमारे 4 मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचा, साध्या स्क्वेमस सेल कार्सिनोमाच्या भोवतीची 4 ते 6 मिलिमीटर, आणि वणावरील कर्करोगाच्या भोवतीची साधारण 2 सेंटिमीटर त्वचा घेऊन गाठ काढली जाते, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते आणि गरज असल्यास उघडी जागा मांडीवरची त्वचा लावून झाकली जाते. ग्रंथी मोठी लागत असेल तर बारीक सुईने तिच्यातील पेशी तपासून ती काढायची की नाही ते ठरते. उपचारानंतर पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एक-दोनदा वण व जवळच्या ग्रंथी तपासून घ्याव्या लागतात, कारण परत येणारा आजार बहुधा पहिल्या दोन वर्षांतच परत येतो. आवणीच्या आणि भातकापणीच्या दिवसांत या तारखा चुकतात, म्हणून त्या ठरवताना डॉक्टरांनी शेतीचा हंगाम विचारात घेतला पाहिजे. तपासलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो, आणि दुसऱ्या रुग्णालयात जायचे झाल्यास तो ठोकळा व काचपट्ट्या मागून सोबत नेता येतात. त्या नेल्या तर तोच तुकडा दुसऱ्या तज्ज्ञाला पुन्हा तपासता येतो आणि बहुतेक वेळा नव्याने बायोप्सी करण्याची गरज पडत नाही.